बाजूला काढलेल्या ओळी

छत्री विकत घेताना लोक एकदा उघडून-मिटून बघतात. आमचे सर मात्र ती पाण्याखाली धरायचे. दुकानात नळ नसला तर दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागायचे आणि मेनरोडच्या भर गर्दीत, मे महिन्याच्या उन्हात, उघड्या छत्रीवर ते ओतून घेत खालून वर बघत उभे राहायचे. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लाजेने मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तर तिथेही आवाज आला, "दुसरी दाखवा. ही एका जागी गळते." दुकानदार त्यावर जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या केंद्रात सगळे त्यांना तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे तपासनीस. खरं नाव मला माहीत आहे, का नसेल? चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. पण ते नाव घ्यायची मला लाज वाटते. त्यांची नाही हो, माझी स्वतःची. म्हणून तपासनीसच म्हणते.

ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. नाशकात शरणपूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. खाजगी. लोकांच्या आणि सरकारी खात्यांच्या याद्या यंत्रात भरायच्या, तपासायच्या, छापून द्यायच्या, हा धंदा. मी तिथे ऑपरेटर, तीही हंगामी. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. आत एसीची थंडी अशी की आम्ही बायका वैशाखातसुद्धा स्वेटर घालून बसायचो. तपासनीसांच्या मोज्यातून उजव्या पायाचा अंगठा कायम बाहेर आलेला. डोक्याला मफलर, पायात तो फाटका मोजा, हातात लाल-निळी पेन्सिल. कुणी मोठी पार्टी यायची असली की आमचे साहेब त्यांना हळूच म्हणायचे, "जरा खाली चहा घेऊन या ना."

तरुणपणी ते इगतपुरीला रेल्वेच्या तारऑफिसात होते. मग सत्तरच्या सुमारास कुठल्याशा कारखान्यात, छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या कामावर. त्या पट्ट्या ते म्हणे डोळे मिटून अंगठ्याने वाचायचे. खरं असावं, कारण बोलता बोलता त्यांचं बोट टेबलावर सारखं कट्ट कट्ट चाललेलं असे. माणसांना ते नावाने हाक मारत नसत. मी 'ऑपरेटर', साहेब 'व्यवस्थापक', खाली टपरीवरचा चहावाला 'पुरवठा'. आणि कुणी काहीही सांगितलं की त्यांचं एकच ठरलेलं, "वाचून दाखव." सर, फाईल झाली. वाचून दाखव. सर, साडेपाचची बस रद्द झाली. कुठे लिहिलंय, वाचून दाखव. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, माझं डोकं दुखतंय, आता ते कसं वाचून दाखवू?" तर शांतपणे म्हणाले, "कुठल्या बाजूला दुखतंय ते तरी सांग." त्यांना चेष्टा कळायची की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दसऱ्याला साहेब यंत्राची पूजा घालायचे. झेंडूची माळ, नारळ, हळदकुंकू. तपासनीस दारात हात आडवे करून उभे. "व्यवस्थापक, कुंकू भिंतीला लावा. यंत्राला नको." साहेबांनी हसत हसत चिमूटभर कुंकू नेमकं फ्लॉपी घालायच्या फटीवर लावलं. पुढचे दोन दिवस हा माणूस जमिनीवर मांडी घालून, रंगाचा बारीक ब्रश हातात धरून, कुंकवाचा एकेक कण बाहेर काढत बसला होता. तिसऱ्या दिवशी एका फ्लॉपीवर एक अक्षर खराब झालेलं सापडलं, तर आख्ख्या केंद्राला ते दाखवत फिरले. इतके खुशीत मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

कारण त्यांचं जन्माचं वैर खराब अक्षरांशी होतं. मुंबईहून, तालुक्यांहून फ्लॉप्या यायच्या. वरून सगळं ठीक दिसायचं. पण एखाद्या ओळीत मध्येच भलतंच अक्षर, कुठे ओळीच्या शेवटी न दिसणारी एखादी खूण. येवल्याहून आलेल्या एका यादीतलं एकही नाव आमच्या जुन्या यादीशी जुळेना. पडद्यावर शेजारी शेजारी आणलं तर हुबेहूब तेच नाव, आणि यंत्र म्हणतंय वेगळं आहे. आम्ही डोकं धरून बसलो. चार दिवसांनी तपासनीसांनी शोधून काढलं, की तिकडच्या यंत्राने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीची खूण ठेवली होती आणि ती पडद्यावर उमटतच नव्हती. "माणूस चुकला तर निदान भांडतो," ते म्हणाले. "हे मेलं गप्प राहतं." मग त्यांनी सगळ्यांना आपल्या पैशाने चहा पाजला, आणि कपात माशी नाही ना ते बघून मगच प्या असं बजावलं.

त्यानंतर त्यांनी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे यंत्रासाठी आज्ञांची एक चिठ्ठीच: आधी हे कर, मग ते कर, असं असेल तर तसं कर. तिला त्यांनी नाव दिलं 'चाळणी'. कुठलीही फाईल आली की ती चाळणीतून घालायची. चांगल्या ओळी पुढे जायच्या, खराब ओळी 'कचरा' नावाच्या फाईलमध्ये बाजूला निघायच्या. आणि कचरा फेकून द्यायचा नाही, हा नियम. तो कागदावर छापायचा, त्यांनी स्वतः बघायचा, खाली 'तपासले, निरुपयोगी' असं लिहून सही करायची आणि कागद फायलीला लावायचा. साहेब म्हणायचे, कचऱ्यालाही सही लागते असं हे एकच ऑफिस असेल.

खराब म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी मला खाली टपरीवर समजावलं. चहाचे आठ रिकामे ग्लास ओळीत मांडले. "यंत्रातलं एक अक्षर म्हणजे हे आठ ग्लास. कुठला उभा, कुठला पालथा, त्यावरून अक्षर ठरतं. इंग्रजीचं सातात भागतं, आठवा कायम पालथा. तो जर कुठे उभा दिसला, तर समज वाटेत कुणाचा तरी धक्का लागलाय. ती ओळ बाजूला काढायची."

"ग्लास द्या हो सर," चहावाला ओरडला, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"थांब, पुरवठा. शिक्षण चाललंय."

त्याच्या पुढच्या वर्षी प्रकल्पग्रस्तांच्या यादीचं काम आलं. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्या प्रत्येक घरातल्या एकाला सरकारी भरतीत राखीव जागा मिळणार होती, आणि त्यासाठी गावोगावची यादी यंत्रात भरून मुंबईला धाडायची होती. आम्ही नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत भरायला घेतली. पहिल्या गावाची कच्ची यादी छापून चावडीवर लावली, तर ती कुणाला वाचताच येईना. लोक आले, कागदाला हात लावून बघितला, परत गेले. तपासनीस हे बघून आले आणि दोन दिवस त्यांनी डबा उघडला नाही. "ज्याचं नाव, त्यालाच वाचता येत नाही," असं एकटेच बोलत फिरायचे. "मग तपासलं कुणी? कुणी तपासलं?"

इगतपुरीच्या बाजूचं एक गाव शेवटी राहिलं होतं. तपासनीस आमच्या साहेबांशी चक्क भांडले. एका पडद्याला मराठी अक्षरांचं कार्ड बसवून घेतलं, मराठी छापणारा एक छोटा प्रिंटर कुठून तरी मागून आणला, आणि त्या गावाची एक्केचाळीस नावं मी मराठीत भरली. कागद घेऊन आम्ही दोघं एसटीने गेलो. श्रावण होता, तिकडचा पाऊस म्हणजे समोरचं माणूस दिसत नाही. चावडीत सगळं गाव दाटीवाटीने बसलेलं. नावं वाचायला उभा राहिला सोमनाथ. दहावीपर्यंत शिकलेला, एकोणतीस वर्षांचा, डोक्यावरचं पोतं काढून त्याने आधी हात कोरडे केले आणि मगच कागद घेतला. तो नाव वाचायचा, माणूस "हाय" म्हणून पुढे यायचा, कागदावर आपलं नाव बघायचा आणि तपासनीस तिथे लाल खूण करायचे. सातवं नाव सोमनाथचं स्वतःचं. ते त्याने मोठ्याने वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच ओरडला, "हाय!" सगळी चावडी हसली. एक म्हातारा कागदावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्ये माझंच हाय. वळखू येतंय." परतीच्या एसटीत तपासनीस खिडकीशी बसले होते, त्यांची पाण्यात तपासलेली छत्री मांडीवर. मला म्हणाले, "ऑपरेटर, इतकी स्वच्छ फाईल मी आयुष्यात पाहिली नाही."

आठवड्याभराने सगळ्या गावांच्या फायली एकत्र करून पाठवायच्या होत्या. मुंबईची बस चारची. साहेब जिन्यात येरझारा घालत होते. मी ती सगळी फाईल चाळणीतून घातली, कारण मुंबईला काहीही चाळणीशिवाय जाता कामा नये, हा तपासनीसांचाच नियम. पडद्यावर आकडे आले. चांगल्या ओळी इतक्या, कचरा एक्केचाळीस.

कचरा मी आमच्या मोठ्या प्रिंटरवर छापला. तो प्रिंटर इंग्रजीतला, त्याला आठवा ग्लास ठाऊकच नव्हता. त्याने प्रत्येक अक्षराचा आठवा ग्लास पालथा धरला आणि उरलं ते छापलं. कागदावर नुसता गिचमिडकाला. कंस, टक्क्याच्या खुणा, आकडे, तुटकी इंग्रजी अक्षरं. तपासनीसांनी तो कागद खिडकीशी नेला, वरपासून खालपर्यंत पाहिला. "कुठलीतरी फ्लॉपी ओली झाली. पावसाचे दिवस," म्हणाले. खाली लिहिलं, तपासले, निरुपयोगी. सही केली.

एक्केचाळीस हा आकडा मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला होता. खोटं कशाला बोलू, वाटला होता. पण साहेब ओरडत होते आणि सीबीएस स्टँडवर पोचून चारच्या बसमध्ये पार्सल मलाच द्यायचं होतं. मी चपला पायात सरकवल्या आणि पळाले.

दिवाळीनंतर भरतीची पत्रं निघाली. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटायच्या बेतात असताना, सोमनाथ दारात येऊन उभा राहिला. चपला त्याने जिन्यातच काढल्या होत्या. हातात लाल खुणांचा तो मराठी कागद, प्लास्टिकमध्ये घातलेला.

"साहेब, बाकीच्या गावांना पत्रं आली. आमच्या गावात एक बी नाय. मी मुंबईला जाऊन इचारलं. ते म्हनले, यादीत तुमचं गावच नाय."

"शक्य नाही," तपासनीस म्हणाले. "ती फाईल मी..."

आणि टेबलावरचं त्यांचं बोट थांबलं. चार वर्षांत ते बोट असं मध्येच थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. ते उठले, कपाटातून कचऱ्याची फाईल काढली, ते पान शोधलं आणि काढून टेबलावर ठेवलं. मग पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या ओळीतल्या पहिल्या खुणेखाली त्यांनी तिचा आकडा लिहिला, त्यात आठवा ग्लास उभा केला, आणि खाली लिहिलं एक मराठी अक्षर. मग दुसरं. मग तिसरं. सोमनाथ एका बाजूला उभा, मी दुसऱ्या. सातव्या ओळीला अक्षरं लागत गेली तसा सोमनाथ खाली वाकला. "ह्ये माझं हाय," तो म्हणाला. चावडीवर 'हाय' म्हणाला होता त्याच सुरात, फक्त हळू.

"सर," मी म्हटलं, "नावं यांच्या हातातल्या कागदावर आहेतच की. मग हे कशाला?"

"मी सही केलीय, ऑपरेटर. एक अक्षरही न वाचता केलीय. आता तरी वाचू दे मला."

संध्याकाळपर्यंत ते बसले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं वाचली. मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "चाळणी मीच लिहिली. मराठी मीच आणली. मराठीचं अक्षर ठेवायला आठवा ग्लास उभाच लागतो, हे मला माहीत होतं. चाळणी उभा ग्लास बाहेर काढते, हेही माहीत होतं. दोन्ही याच डोक्यात, आणि मला दिसलं नाही." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं.

सोमनाथला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने एवढंच विचारलं, "मंग आता काय करायचं, साहेब?"

सोमवारी तपासनीस आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "काम तपासून दिलं असं आपण लेखी दिलंय. आता चुकलं म्हणून कळवलं तर उद्यापासून एकही सरकारी काम मिळणार नाही. पुढच्या भरतीत त्यांची नावं घालू. एवढं काय त्यात?"

त्यात काय होतं ते सांगते. भरतीला वयाची अट तीसच्या आतली. आणि तिकडच्या शाळेतल्या गुरुजींनी, त्या काळातल्या सगळ्या गुरुजींसारखं, दाखल करताना प्रत्येक पोराची जन्मतारीख एक जून लावून टाकली होती. आयांना पाऊसपाणी आठवायचं, तारीख कुठली आठवणार? त्यामुळे त्या गावातली एका वयाची सगळी पोरं एकाच दिवशी मोठी व्हायची. येत्या एक जूनला सोमनाथला तीस पूर्ण होणार होती, आणि त्याच्याबरोबर आणखी आठ जणांना. पुढची भरती कधी, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे चुकलेली नावं याच भरतीत घालून घ्यायची, तर ती मे संपायच्या आत.

तपासनीसांनी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. तो गिचमिड कागद, त्याखाली पेन्सिलीने लावलेली अक्षरं, लाल खुणांची यादी, सगळं पिशवीत. कचेरीतले लोक त्यांना हसायचे. ग्लासांची गोष्ट ते तिथेही सांगायचे, मला कळलं, टेबलावरचे पाण्याचे ग्लास मांडून. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी एका कारकुनाला दया आली असावी. तो म्हणाला, "केंद्राचं पत्र आणा, चूक आमची म्हणून. ते नसेल तर त्या दिवशी ज्यांनी काम केलं त्या दोघांची प्रतिज्ञापत्रं आणा. दोघांची हं, एकाचं चालणार नाही."

केंद्राचं पत्र मिळणार नव्हतं. तोवर साहेबांनी तपासनीसांना घरीही बसवलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव असं कागदावर लिहून. आणि त्या दिवशी काम केलेली दोघं म्हणजे एक ते आणि एक मी.

मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी, ते मला टपरीवर भेटले. मफलर नव्हता, तर त्यांचं डोकं किती लहान आहे ते मला पहिल्यांदा दिसलं. कागद त्यांनी टाईप करून आणला होता. अमक्या दिवशी मी स्वतः यंत्र चालवलं, एक्केचाळीस ओळी बाजूला निघाल्या, त्यांचा कागद मी छापून दिला. सगळं खरं. एक अक्षर जास्तीचं नाही. "वाचून बघ," ते म्हणाले, "आणि पटलं तर सही कर."

मी वाचलं. न पटण्याचा प्रश्नच नव्हता. पण माझी कायमची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर पडलेली होती, सहीसाठी. साहेबांनी त्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं होतं, "त्यांच्या नादी लागू नकोस. तुझं चांगलं चाललंय." चार वर्षं हंगामी. घरात कमावणारी मी एकटी. आमचे दादा, म्हणजे वडील, पाय मोडून घरी बसलेले, धाकट्या दोघी शाळेत. नाशिकरोडला आमच्या वसाहतीत माझ्या नोकरीचं केवढं कौतुक, कॉम्प्युटरवर बसते म्हणून विहारात माझं नाव घेऊन बोलायचे लोक. हे सगळं मी तपासनीसांना सांगितलं. घडाघडा सांगितलं. सांगताना रडलेसुद्धा. आणि एक सांगितलं नाही. दादांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सही कर. जन्मभर त्यांनी आम्हाला दुसरं काय शिकवलं होतं? ते हेच म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून मी घरी विषयच काढला नव्हता.

तपासनीसांनी ऐकून घेतलं. कागद परत घेतला, घडी घातली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "घर आहे तुला." त्यांना राग आला असता तर फार बरं झालं असतं. चहाचे पैसे देऊन ते कचेरीच्या दिशेने गेले, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोन-दोनदा बघायची त्यांची सवय त्या दिवशी दिसली नाही. मी टपरीवर तशीच बसून राहिले. चहावाल्याने विचारलं, "सरांचं काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही."

मे संपेपर्यंत ते रोज कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचे, असं ऐकलं. एकट्याच्या सहीचा अर्ज कुणी घेतला नाही. एक जूनला सकाळी मी जिना चढत होते, तर ते खालीच उभे.

"कायम झालीस का?"

"हो सर. काल ऑर्डर मिळाली."

"वाचून घेतलीस ना नीट?"

"हो."

"छान," ते म्हणाले, आणि गेले. नंतर समजलं, येवल्याला बहिणीकडे गेले राहायला. मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही. येवला काय लांब आहे? सीबीएसवरून तासातासाला एसटी सुटायची.

कार्तिकात सोमनाथ आला. खांद्यावर एक छोटी गोणी. जिन्यात चपला काढून, दारातूनच म्हणाला, "बाई, तपासनीस साहेब हायेत का?"

मी सांगितलं, ते इथे नसतात आता. तुमचं कसं काय चाललंय, विचारलं. मजुरी करतो म्हणाला, दुसऱ्याच्या रानात. जमीन तर पाण्याखाली. भरतीचा विषय त्याने काढला नाही, मीच काढला. का काढला, देव जाणे. म्हटलं, "फार वाईट झालं तुमचं."

"आता काय इलाज नाय," तो म्हणाला. "साहेबांनी लय केलं. शेवटाला दुसरी सही पाहिजे व्हती, ती कुठं भेटली नाय. मी म्हनलं त्यांना, त्या बाई व्हत्या ना आपल्या, चावडीवर आल्या व्हत्या त्या? त्यांना इचारा की. तर साहेब म्हनले, बाई त्या दिशी रजेवर व्हत्या."

आयुष्यात ज्या माणसाने न तपासलेला एक शब्द तोंडातून काढला नाही, त्याने माझ्यासाठी हे सांगितलं होतं. सोमनाथ थांबला होता. मी काहीतरी बोलावं म्हणून असेल, किंवा उगाचच असेल.

"हो," मी म्हटलं. "रजेवर होते मी."

त्याने मान हलवली. मग गोणी खांद्यावरून उतरवून माझ्या टेबलाशी ठेवली. "तांदूळ हायेत. नवे. मजुरीत भेटले, त्यातले साहेबांसाठी काढले व्हते. आता एवढं वझं परत कुठं नेऊ? तुमीच घ्या, बाई."

मी ती गोणी बसमध्ये मांडीवर घेऊन घरी नेली. आईने त्याच रात्री भात टाकला, आख्ख्या घरात वास सुटला. "कुणी दिले गं?" दादांनी विचारलं, आणि आणखी मागून घेतला. ऑफिसातल्या एकांनी, मी म्हटलं, आणि मीही जेवले.